भूपृष्ठाचे तापमान आणि वनस्पतींचे आच्छादन : विदर्भाच्या संदर्भात एक अभ्यास

उन्हाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांत नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथील तापमानाचे आकडे छापून येऊ लागतात. हे आकडे हवेचे असतात. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेला असतो. ज्या मातीवर शेतमजूर दुपारी उभा असतो किंवा ज्या टिनाच्या छपराखाली एखादे कुटुंब राहते, ती माती व ते छप्पर किती तापले हे त्या आकड्यावरून कळत नाही. जमिनीच्या प्रत्यक्ष पृष्ठभागाच्या या तापमानाला भूपृष्ठाचे तापमान म्हणतात. भर उन्हात कोरडी जमीन आणि डांबरी रस्ता हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेले असतात.

उष्णतेची वाटणी

सूर्याची ऊर्जा जमिनीवर पडली की तिची चार प्रकारे वाटणी होते. काही भाग परावर्तित होतो, काही जमिनीत मुरतो, काही हवा तापवतो आणि काही पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. हा चौथा वाटा फार महत्त्वाचा आहे. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक हजार वॉटची शेगडी ४० मिनिटे चालवावी, एवढी ही ऊर्जा होते. झाड मुळांनी खोलवरचे पाणी ओढून घेते व पानांवाटे त्याची वाफ करते. जी ऊर्जा या कामी लागली, ती जमीन तापवण्यास उरत नाही. शिवाय सावलीमुळे ऊन मातीपर्यंत पोहोचतच नाही. झाडे तोडून तेथे सिमेंट, डांबर किंवा उघडी माती आली की हा चौथा वाटा जवळजवळ नाहीसा होतो आणि ती सारी उष्णता जमिनीत व हवेत जाते. चंद्रपूर परिसरातील उघड्या कोळसा खाणी व त्यांभोवतीचे मातीचे ढिगारे हे याचे ठळक उदाहरण होय.

उपग्रह काय पाहतो?

प्रत्येक तापलेली वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. उपग्रह ते मोजतो व त्यावरून पृष्ठभागाचे तापमान काढले जाते. १९८४ साली सोडलेल्या लँडसॅट ५ या उपग्रहापासून अशा नोंदी सातत्याने उपलब्ध आहेत. २०१३ पासून लँडसॅट ८ हे काम करीत आहे. तो दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. वनस्पती मोजण्याची रीतही सोपी आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि निकट-अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. तो उणे १ ते अधिक १ या मर्यादेत असतो. दाट हिरवाईत तो १ च्या दिशेने चढतो, तर उघड्या मातीत शून्याजवळ राहतो. सामान्यतः हा निर्देशांक जेथे जास्त, तेथे दिवसाचे भूपृष्ठ तापमान कमी आढळते.

हिरवाई कोणत्या महिन्यातील?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नासाच्या उपग्रह-नोंदींच्या अभ्यासानुसार २००० नंतर भारतातील हिरवाई वाढली आहे. परंतु ती बहुतांशी शेतीतील पिकांची आहे. रब्बीचे पीक निघाले की कोरडवाहू शेत उघडे पडते. विदर्भातील काळी माती गडद असल्याने ऊन अधिक शोषते आणि मे महिन्यात तिच्यात वाफ होण्यासारखा ओलावा उरत नाही. सागाची पानेही तोवर गळून गेलेली असतात. म्हणजे वर्षभराच्या सरासरीत दिसणारी हिरवाई, जेव्हा तिची सर्वाधिक गरज असते, नेमकी तेव्हाच नसते. याच कारणाने भारतातील अनेक शहरांभोवतीची उघडी शेते उन्हाळ्याच्या दुपारी शहरापेक्षाही अधिक तापलेली आढळतात. तेव्हा उष्णतेचा प्रश्न केवळ शहरांचा आहे, हा समज बरोबर नाही.

रात्री मात्र चित्र उलटते. उघडे शेत उष्णता लवकर सोडून देते. सिमेंटच्या भिंती व डांबरी रस्ते दिवसा साठवलेली उष्णता रात्रभर बाहेर टाकीत राहतात. दाट वस्तीत, टिनाच्या छपराखाली, वारा न येणाऱ्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या शरीराला त्यामुळे रात्रीही विसावा मिळत नाही. दिवसा शेतात वा बांधकामावर राबणारा आणि रात्री अशा घरात झोपणारा माणूस बहुधा एकच असतो. म्हणून झाडांचे आच्छादन हा सौंदर्याचा नव्हे, तर आरोग्याचा व न्यायाचा विषय आहे.

उपायांची दिशा

किती रोपे लावली, यापेक्षा कोणती, कोठे लावली आणि किती जगली, हे पाहिले पाहिजे. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज हे वृक्ष ऐन मे महिन्यात पानांनी भरलेले असतात. सावलीसाठी ते अधिक उपयोगी. शेताचे बांध, वस्तीतील रस्ते, बसथांबे व मजुरांच्या विश्रांतीच्या जागा येथे ते प्रथम लावावेत. रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी मिळालेच पाहिजे. छपराला चुन्याचा पांढरा थर दिल्यास ऊन परावर्तित होते. २०१३ पासून उष्णता कृती आराखडा राबवणाऱ्या अहमदाबादने गरीब वस्त्यांत या उपायाचा अवलंब केला आहे. सम्राट अशोकाने सातव्या स्तंभलेखात, माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वडाची झाडे लावल्याचे नोंदवले आहे. त्याने झाडांची संख्या सांगितलेली नाही. सावली कोणासाठी, हे मात्र सांगितले आहे.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज गावोगावी आहेत. प्रत्येकाने येत्या मे महिन्यात आपल्या वस्तीत दुपारी दोन वाजता सावली कोठे आहे आणि कोठे नाही, याची एक साधी नोंद करावी. जेथे सावली नाही आणि माणसांना थांबावे लागते, ती जागा पहिल्या वृक्षाची.