दिवसाचे काम : भिलाईच्या एका गोलंदाजाच्या कारकिर्दीचा अभ्यास

शब्दाचा अर्थ

इंग्रजीतील ‘जर्नीमन’ हा शब्द भाषांतर करणाऱ्याला चकवतो. ‘जर्नी’ म्हणजे प्रवास, तेव्हा जर्नीमन म्हणजे प्रवासी, असे वाटू लागते. परंतु या शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेत असून तेथे त्याचा अर्थ ‘दिवस’ किंवा ‘दिवसभराचे काम’ असा आहे. ज्याची उमेदवारी संपली आहे, ज्याच्या हातात कसब आहे, परंतु ज्याचे स्वतःचे दुकान नाही आणि जो दुसऱ्याच्या हाताखाली रोजावर काम करतो, असा कारागीर म्हणजे जर्नीमन.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातील द्राक्षमळ्याचे कामकरी असेच रोजाचे लोक होते. त्यांची नावे सांगितलेली नाहीत. त्यांना कोणत्या वेळी कामावर बोलावले, एवढेच सांगितले आहे.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हा शब्द एका विशिष्ट खेळाडूला लावतात. मैदानाच्या दूरच्या भागात क्षेत्ररक्षण करणारा मॅट स्टेअर्स हा त्याचा उत्तम नमुना होय. १९९२ ते २०११ या काळात तो बारा संघसंस्थांकडून खेळला. पुष्कळदा त्याला ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी फटका मारण्यासाठी उभे केले जाई. कोणाच्या संघात व केव्हा खेळावयाचे हे त्याच्या हाती नव्हते. बोलावणे आले म्हणजे तयार असणे तेवढे त्याच्या हाती होते.

भिलाईचा कामकरी

भिलाई हे पोलादाचे नगर. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. भिलाईचे रूळ देशभर अंथरलेले आहेत; परंतु गाडीत बसलेला प्रवासी रुळाचा विचार क्वचितच करतो. अशा या नगरातून राजेश चौहान हा ऑफस्पिन गोलंदाज भारतीय संघात आला. तेव्हा छत्तीसगड राज्य झाले नव्हते. तो मध्य प्रदेशाकडून खेळे.

१९९३ च्या जानेवारीत कोलकात्यास इंग्लंडविरुद्ध त्याने पहिला कसोटी सामना खेळला. ती मालिका भारताने ३-० अशी जिंकली. अनिल कुंबळेने २१, वेंकटपती राजूने १६ आणि चौहानने ९ बळी घेतले. गौरव साहजिकच कुंबळेचा झाला. परंतु एका टोकाकडून कुंबळे मारा करीत असताना दुसरे टोक कोणीतरी सांभाळावेच लागते, हेही ध्यानात ठेवावे. पुढे त्याच्या गोलंदाजीच्या शैलीविषयी शंका घेतल्या गेल्या व काही काळ तो संघाबाहेर राहिला. १९९७ साली त्याला पुन्हा बोलावणे आले.

दोन प्रसंग

ऑगस्ट १९९७, कोलंबो. भारताने ८ बाद ५३७ धावांवर डाव घोषित केला आणि श्रीलंकेने ६ बाद ९५२ असा कसोटीतील विक्रम रचला. जयसूर्या व महानामा यांनी ५७६ धावांची भागीदारी केली. मुंबईच्या नीलेश कुलकर्णीने कसोटीतील आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. त्यानंतर ७० षटके टाकूनही त्याला दुसरा मिळाला नाही. चौहानने ७८ षटके टाकली, २७६ धावा दिल्या आणि एकच बळी घेतला. तो बळी ३४० धावा केलेल्या जयसूर्याचा होता. सामना अनिर्णित राहिला.

त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. ३० सप्टेंबर रोजी कराचीत पाकिस्तानविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात अखेरच्या षटकात हाच गोलंदाज फलंदाजी करीत होता. सक्लेन मुश्ताकला त्याने षटकार मारला आणि ३ चेंडू राखून भारत जिंकला. आज चौहानचे नाव निघाले की लोकांना तो षटकार आठवतो. कोलंबोच्या ४६८ चेंडूंची आठवण कोणी काढीत नाही.

बोध

चौहानची कसोटी कारकीर्द मार्च १९९८ मध्ये संपली : सामने २१, बळी ४७. हे आकडे मोठे नाहीत. परंतु त्यांच्या शेजारी आणखी एक नोंद आहे. तो खेळला त्या २१ कसोटींपैकी एकही भारत हरला नाही. याचे सारे श्रेय त्याला देणे सत्याला धरून होणार नाही. त्यातील पुष्कळ सामने मायदेशी होते व सोबतीला थोर खेळाडू होते. परंतु न हरलेल्या त्या सामन्यांत कोलंबोचाही सामना आहे, हे विसरता कामा नये. २७६ धावा देऊनही जो चेंडू टाकीत राहिला, त्याचा दिवस वाया गेला असे कोणत्या हिशेबाने म्हणावे?

आपण माणसाची किंमत बहुधा त्याच्या एका षटकारावरून करतो. आपल्या घरात, कचेरीत व मंडळीत दुसरे टोक सांभाळणारी माणसे मात्र ७८ षटके टाकीत असतात. त्यांना फळ एकच मिळते, कधी तेही मिळत नाही. बोलावणे आपल्या हाती नाही व फळही नाही. दिवसाचे काम मात्र आपल्या हाती आहे. जर्नीमन या शब्दाच्या मुळाशी ‘प्रवास’ नसून ‘दिवस’ आहे, हे म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या कामात दुसरे टोक कोण सांभाळत आहे? त्याची दखल मी शेवटची केव्हा घेतली?

२. फळ दिसत नसताना माझे कोणते काम मी अर्धवट सोडले आहे?

३. बोलावणे येईपर्यंतचा काळ मी तयारीत घालवतो की तक्रारीत?