चार विजय आणि सातवा नंबर

फॉर्म्युला वनची रेस आपल्यापैकी बरेच जण बघतात. पण ते ड्रायव्हर तिथपर्यंत पोचतात कसे, हे फारसं कुणी विचारत नाही. मुंबईच्या जेहान दारूवालाची कारकीर्द बघितली की हा सगळा अभ्यासक्रम नीट कळतो.

जेहानचा जन्म 1998 चा. सहारा फोर्स इंडियाने 2011 मध्ये देशभरातून तीन मुलं निवडली, त्यात हा एक. सुरुवात कार्टिंगने. मग 2015 ला फॉर्म्युला रेनॉ, 2017 ला युरोपियन फॉर्म्युला थ्री, 2019 ला एफआयए फॉर्म्युला थ्री आणि 2020 ते 2023 फॉर्म्युला टू. थोडक्यात, एफ.ई. ते बी.ई. असाच प्रवास! फरक एवढाच, की इथे प्रत्येक वर्षाची फी भरायला प्रायोजक शोधावा लागतो आणि फर्स्ट क्लास मिळाला तरी पुढच्या वर्गात जागा असेलच असं नाही.

या शिडीची मुख्य गंमत म्हणजे गाडी सगळ्यांना सारखी. जेहानच्या वेळच्या फॉर्म्युला टूमध्ये प्रत्येकाकडे दलाराची चॅसी, मेकाक्रोमचं 3.4 लिटर टर्बो व्ही-सिक्स इंजिन (सुमारे 620 हॉर्सपॉवर) आणि पिरेलीचे टायर. म्हणजे 'माझं इंजिनच कमी पडलं' ही सबब बंद. मग फरक पडतो कुठे? सेट-अपमध्ये आणि ड्रायव्हरमध्ये. म्हणून इथे खरी तुलना होते ती आपल्याच टीममधल्या जोडीदाराशी. 2017 ला कार्लिन टीममध्ये जेहानचा जोडीदार होता लँडो नॉरिस, पुढे 2025 चा जगज्जेता. 2019 ला प्रेमा टीमचे तिघे पहिले तीन आले, त्यात जेहान तिसरा. 2020 चा जोडीदार युकी त्सुनोदा पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनला गेला.

आता सेट-अपचं बघू. सरावाला मिळतात फक्त 45 मिनिटं. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी काय करतेय ते इंजिनिअरला नेमकं सांगायचं असतं. तिसगावहून नगरकडे जाताना करंजी घाट लागतो. तिथल्या वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडीचं तोंड बाहेरच सरकत राहिलं तर ते अंडरस्टीअर. उलट मागची चाकं बाहेर निघाली तर ओव्हरस्टीअर. ड्रायव्हरने नुसतं 'गाडी बरोबर वाटत नाही' म्हटलं, तर इंजिनिअर विंग बदलणार की टायरचं प्रेशर? कुठल्या वळणावर, ब्रेक लावताना की ॲक्सिलरेटर देताना, हे सांगावं लागतं.

सरावानंतर 30 मिनिटांची क्वालिफाइंग. खरी परीक्षा हीच, कारण मुख्य शर्यतीतली जागा इथे ठरते. छोट्या स्प्रिंट शर्यतीत पुढच्या काही गाड्यांचा क्रम उलटा लावतात. त्यामुळे तिथे इतरांनाही संधी मिळते, पण गुण कमी असतात.

जेहानने फॉर्म्युला टूमध्ये चार शर्यती जिंकल्या: 2020 ला साखीर, 2021 ला मोंझा आणि अबू धाबी, 2022 ला पुन्हा मोंझा. साखीरला तो या मालिकेत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. (याच मालिकेच्या आधीच्या अवतारात, म्हणजे जीपी टूमध्ये, करुण चांडोक जिंकला होता.) मात्र चारपैकी मुख्य शर्यत एकच, 2022 ची मोंझा. बाकी तीन स्प्रिंट. म्हणून 2021 आणि 2022, दोन्ही वर्षं नंबर सातवा.

सातव्या नंबराची किंमत काय? फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्ससाठी तीन वर्षांत 40 गुण लागतात. फॉर्म्युला टूमधल्या पहिल्या तिघांना ते एकाच वर्षात मिळतात. सातव्याला फक्त 8.

2022 मध्ये त्याने सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणी दिली, पण शर्यतीची जागा मिळाली नाही. तेव्हा फॉर्म्युला वनला जागा अवघ्या वीस, आणि त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या. 2024 चा हंगाम तो मासेराटीकडून फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालिकेत धावला.

मग याला नापास म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. सारख्याच गाडीत, जगातल्या निवडक वीस-बावीस जणांत सातवा येणं ही साधी गोष्ट नाही. पण शिडीचा हिशेब कडक आहे. अधूनमधून जिंकून भागत नाही, दर वेळी त्या अर्ध्या तासात पुढे यावं लागतं. आणि मागे पडलोच, तर नेमकं कुठे पडलो हे सांगता आलं पाहिजे. ड्रायव्हरला आणि इंजिनिअरलाही!