वावर एक, माती तीन

आखाजी झाली, उन्हाळ कांदा चाळीत पडला आणि वावरं उघडी पडली. देवळा तालुक्यात जमीन इतकी मोकळी दिसते ती याच तीन-चार आठवड्यांत. एरवी एक पीक निघायच्या आत दुसऱ्याची घाई असते. नांगरट करून ढेकळं तापायला टाकली की मातीचं काम संपलं असं आपण धरून चालतो. माती बघायची राहूनच जाते. त्याला लागते एक पहार, एक फावडं आणि सकाळचा गारव्याचा वेळ.

शाळेच्या भूगोलात गंगेकाठी गाळाची माती, कोकणात जांभी, राजस्थानात वाळूची आणि आपल्याकडे काळी, असं वाटप करून मोकळे होतात. काळी म्हटली की पुढे कापूस आलाच. नकाशाला ते ठीक आहे, पण नाशिक जिल्ह्यात फिरणाऱ्याला ते पुरत नाही. खडक सगळीकडे तोच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट. इगतपुरीकडे त्याच्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो चुना धुऊन नेतो, माती तांबूस आणि आंबट होते, तिथे भात-नागली पिकते. आपण कसमादे पट्ट्यातले लोक पर्जन्यछायेत. इथे पावसात चुना वाहून नेण्याइतका दम नाही, तो मातीतच साचतो. आपल्या अर्ध्याअधिक तक्रारींचं मूळ या चुन्यात आहे.

तालुक्यातही एक माती नाही. गिरणेकाठी खामखेडा, सावकी, विठेवाडी, लोहोणेर या पट्ट्यात नदीने आणलेली खोल, पोयट्याची काळी. खर्ड्याकडे डोंगराच्या पायथ्याला लागलं की मुरमाड आणि बरड. उमराण्याच्या बाजूला मध्यम, कांद्याला मानवणारी. आणि हे झालं गावागावांचं. खरा फरक तुमच्या एकाच गटात असतो. बांधाकडे वरच्या अंगाला हलकी, मधे मध्यम, ओघळीच्या कडेला भारी. आपण मात्र तिन्हीला एकच बियाणं, एकच खत आणि एकच पाण्याची पाळी देतो.

म्हणून रंगावर जाऊ नका, खोली बघा. वरून काळीभोर दिसणारी माती पहारीच्या चौथ्या घावाला मुरमावर खणकते, हे मी आमच्याच वावरात पाहिलंय. वडील त्या तुकड्याला आयुष्यभर ‘काळं वावर’ म्हणत आले. ऑगस्टच्या उघडिपीत मका पहिला सुकायचा तो तिथलाच.

मोजमाप घरचंच आहे. वीतभर, म्हणजे साडेबावीस सेंटिमीटरच्या आत मुरूम लागला तर जमीन हलकी. हातभर, पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत माती असली तर मध्यम धरा. त्याच्या खाली माती जितकी उतरेल तितकी जमीन भारी. तीन जागी तीन फुटांचे खड्डे घ्या आणि खड्ड्याच्या भिंतीकडे नीट बघा. पांढरे चुनखडीचे खडे कुठे सुरू होतात? मुळ्या कुठे थांबल्यात? मग तळाची मूठभर माती बशीत घेऊन वर चमचाभर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर चुना भरपूर आहे. न आले तरी निर्धास्त होऊ नका, थोडा चुना व्हिनेगरला दाद देत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो.

आता पिकाचं. हलक्या तुकड्यात बाजरी टाका, जमलं तर दोन ओळी बाजरी आणि एक ओळ तूर. बाजरीला भाव नाही हे मलाही ठाऊक आहे, पण त्या वीतभर मातीत मका घालून खताचं बिल वाढवण्यात काय हशील? लोहाचं प्रमाण जास्त असलेले ‘धनशक्ती’, ‘फुले आदिशक्ती’ असे वाण आता मिळतात. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत पेरणीची घाई नको. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरलेलं रान आपल्याकडे दुबार पेरणीला जातं, हा अनुभव नवा नाही.

मध्यम जमीन कांद्याची. तिथे पुढच्या हिवाळ्यात उन्हाळ कांदा लावायचा असेल तर आत्ता मूग, उडीद किंवा सोयाबीन घ्या. मक्यामागे कांदा ही आपली नेहमीची जोडी, पण दोन्ही पिकं खादाड आहेत. चुना जास्त असेल तर सोयाबीनचीही गडबड होते. पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची उपासमार. अशा जमिनीत फेरस सल्फेट नुसतं फेकलं तर चुना ते जागच्या जागी बांधून टाकतो. शेणखतात दहा-पंधरा दिवस मुरवून द्या.

डाळिंबाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे चूक झाली तर ती वर्षानुवर्षं निस्तरावी लागते. डाळिंबाला निचरा हवा, हलकी-मध्यम मुरमाड जमीन त्याला मानवते. भारी काळ्या रानात बाग लावलीच तर उंच गादीवर लावा, नाहीतर मर रोगाला आमंत्रण. याहून फसवी चूक मुरमाडात होते. दोन-दोन फुटांचा खड्डा घ्यायचा, ‘झाडाला चांगली माती मिळू दे’ म्हणून ओढ्याकाठची चिकण काळी आणून त्यात ठासायची. मग तो खड्डा माठ होतो. पाणी आत उतरतं, बाहेर निघत नाही आणि मुळ्या त्यातच कुजतात. त्याच खड्ड्यातली वरची माती, कुजलेलं शेणखत आणि थोडा मुरूम एवढंच मिसळून भरा.

गाळाचंही असंच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 मध्ये आल्यापासून मे महिना म्हटला की तलावांवर ट्रॅक्टरांची रांग लागते. हलक्या रानाला गाळ म्हणजे वरदान, ओल टिकते. पण तीन-चार इंचांपेक्षा जाड थर नको, आणि पसरला की वखराने मुरमात मिसळून घ्या. भारी रानात गाळ ओतणाऱ्याला मात्र काय म्हणावं? आधीच चिकण, त्यात आणखी चिकण.

नदीकाठच्या भारी जमिनीची काळजी वेगळी. कालव्याचं पाणी आणि उसामागून ऊस, यात निचरा तुंबतो आणि जमीन चोपण होऊ लागते. आपल्याच भागातली मोसम-पांझरेवरची जुनी फड पद्धत आठवा. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, दर वर्षी फेरपालट, आणि पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. ती परत येणार नाही, पण फेरपालट तर आपल्या हातात आहे. उसाचा खोडवा काढलेल्या रानात ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलोऱ्यावर येताच, साधारण दीड महिन्याने, गाडा. जमीन चोपण झाल्याची शंका असेल तर जिप्सम टाकण्याआधी माती तपासून घ्या. किती टाकायचं ते अहवालच सांगेल.

माती परीक्षणाचा नमुनाही आत्ताच, खत टाकायच्या आधी. प्रत्येक तुकड्याचा वेगळा. नागमोडी चालत दहा-बारा जागी वीतभर खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्या आणि एका बाजूची पातळ चकती काढा. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरड्याची जागा सोडून द्या. सगळी माती गोणपाटावर कालवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन फेका, उरलेली पुन्हा कालवा, असं करत अर्धा किलोवर आणा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा, खताच्या रिकाम्या गोणीत अजिबात नाही. फळबागेसाठी एक, दोन आणि तीन फुटांचे नमुने वेगवेगळे लागतात. आणि आतल्या चिठ्ठीवर गट नंबर पेन्सिलीने लिहा. माती थोडी जरी ओली राहिली तर पेनची शाई फुटते, आणि तिन्ही पिशव्यांतली कोणती कुठली हे मग तुम्हालाही सांगता येत नाही.