बालकांतील आकस्मिक अंगविक्षेप व भयग्रस्तता : निदानाची दिशा आणि पालकांची साथ

कालपर्यंत हसतखेळत शाळेत जाणारे आठ-नऊ वर्षांचे मूल एकाएकी डोळे मिचकावू लागते, मान झटकते, घशातून आवाज काढते, आईला क्षणभर सोडत नाही, रात्री दचकून उठते. घरातील मंडळी प्रथम रागावतात, मग घाबरतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील गावोगावी असे मूल अनेकदा सर्वप्रथम वैद्याच्या दवाखान्यात येते. किंवा त्याचे वडील औषधी दुकानात येऊन ‘मेंदूचे एखादे चांगले सायरप द्या’ असे सांगतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे की, अशा बालकात ‘काय द्यावे’ या प्रश्नाआधी ‘हे केव्हापासून व कसे सुरू झाले’ या प्रश्नाचे उत्तर मिळविले पाहिजे. त्या उत्तरावर काही बालकांचे हृदय, तर काहींचे प्राण अवलंबून असतात.

शास्त्रदृष्टी

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती आदी नऊ बालग्रहांचे वर्णन आहे. त्यांतील लक्षणसमुच्चय अभ्यासनीय आहेत. परंतु त्यांची आधुनिक व्याधींशी एकास एक जुळणी करण्याचा मोह टाळावा असे आम्हास वाटते. ‘ग्रहबाधा’ या शब्दाचा आधार घेऊन बालकास भगताकडे नेले जात असेल, तर त्यास शास्त्राची संमती नाही. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बालकास भिवविण्याचा स्पष्ट निषेध केला आहे. मूल रडत असो वा ऐकत नसो, राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्यास घाबरवू नये, असे ते सांगतात. मारहाण, चटके, धुरी असे अघोरी उपचार तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही दंडनीय ठरले आहेत.

पूर्ववृत्त : जुने की नवे?

टिक्स, म्हणजे अचानक, वारंवार व ठरावीक स्वरूपात होणारे अंगविक्षेप, बहुधा चार ते सहा वर्षांच्या सुमारास सुरू होतात, कमी-अधिक होत राहतात, दहा-बारा वर्षांच्या सुमारास अधिक तीव्र होतात व पुढे बहुसंख्य मुलांत सौम्य होतात. मूल त्यांना क्षणभर रोखू शकते, म्हणून पालकांस ते ‘मुद्दाम करतो’ असे वाटते. वस्तुतः रोखल्याने आतील अस्वस्थता वाढते.

स्वमग्नता व अन्य विकासभेदांची चिन्हे लहानपणापासूनच असतात. हात फडफडविणे, स्वतःभोवती फिरणे या त्यांतील हालचाली टिक्सहून भिन्न आहेत. मात्र अशा बालकात नव्याने भीती, हट्ट किंवा अंगविक्षेप उद्भवल्यास ‘ते आहेच तसे’ म्हणून सोडून देऊ नये. बोलता न येणाऱ्या मुलाचे दातदुखी, कानदुखी वा बद्धकोष्ठ हेदेखील वर्तनातूनच प्रकट होते.

आकस्मिक लक्षणांत काय शोधावे

१) *सिडनहॅम कोरिया* – थॉमस सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये वर्णिलेला हा व्याधी आमवातज ज्वराचे, म्हणजे रूमॅटिक फीव्हरचे, एक प्रमुख लक्षण आहे. पाच ते पंधरा वर्षे वयात, मुलींत अधिक आढळतो. हालचाली टिक्सप्रमाणे ठरावीक नसून वाहत्या व अनियमित असतात. झोपेत बहुधा थांबतात. अक्षर बिघडते, हातातील वस्तू पडते, बाहेर काढलेली जीभ स्थिर राहत नाही, आपले बोट धरावयास सांगितल्यास मुलाची पकड गाईची धार काढल्यासारखी कमी-जास्त होते. मूल विनाकारण रडते, चिडते. घशाचा संसर्ग काही आठवडे ते महिने आधी होऊन गेलेला असल्याने ए.एस.ओ. तपासणी कधी प्राकृत येते. म्हणून हृदयाची इको तपासणी अनिवार्य समजावी. निदान ठरल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी द्यावयाचे बेंझाथीन पेनिसिलीन अनेक वर्षे चालू ठेवावे लागते. हालचाली थांबल्या म्हणून ते बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. पुनरावृत्तीत हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात.

२) *पॅन्डास व पॅन्स* – स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर अकस्मात उद्भवणारे मंत्रचळ व टिक्स यांचे वर्णन १९९८ मध्ये अमेरिकेत सुसान स्वीडो व सहकाऱ्यांनी ‘पॅन्डास’ या नावाने केले. पुढे २०१२ मध्ये ‘पॅन्स’ ही व्यापक संज्ञा सुचविली गेली. तीत अकस्मात मंत्रचळ किंवा अन्न नाकारणे ही मुख्य लक्षणे असून भीती, चिडचिड, अक्षर बिघडणे, वारंवार लघवी, निद्रानाश ही जोडीस येतात. कारणमीमांसेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. निदान सिद्ध करणारी एकच तपासणी नाही. अन्य व्याधी वगळल्यानंतरच हे नाव घ्यावे.

३) *एस.एस.पी.ई.* – गोवरानंतर काही वर्षांनी होणारा मेंदूचा घातक व्याधी. प्रथम अभ्यासात घसरण व वर्तनबदल, नंतर ठरावीक अंतराने झटके. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व धुळ्याशेजारील मालेगाव येथे गोवराची साथ आली होती, हे ध्यानी घेता आपल्या भागात गोवर व लसीकरणाचे पूर्ववृत्त विचारणे आवश्यक आहे.

४) *औषधजन्य विक्षेप* – उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड वा प्रोक्लोरपेराझीन दिल्यानंतर एक-दोन दिवसांत मान वाकडी होणे, डोळे वर फिरणे, जबडा आखडणे. येथे औषधविक्रेत्याचा ‘दोन दिवसांत काय घेतले?’ हा एक प्रश्न निदान करून देतो. अशा बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

यांखेरीज अपस्मार, ताम्रसंचयाने होणारा विल्सन व्याधी व तीव्र मानसिक ताण यांचाही विचार व्हावा. तणावजन्य विक्षेप हे ढोंग नव्हे. ज्वर, संज्ञानाश, चालण्यातील दोष, शिकलेले विसरणे किंवा अन्नपाणी तुटणे असल्यास त्याच दिवशी पाठवणी करावी.

औषधयोजनेतील सावधानता

परीक्षेच्या दिवसांत शंखपुष्पीयुक्त सायरप सर्रास विकले जाते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांत शंखपुष्पी कल्पामुळे झटक्यांवरील नियंत्रण सुटल्याचे व रक्तातील फेनिटॉइनची मात्रा घटत असल्याचे नोंदविले गेले. तेव्हा अपस्माराच्या गोळ्या चालू असलेल्या बालकास मेध्य कल्प चिकित्सकांस विचारल्याविना देऊ नयेत. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेले कल्प केवळ वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावयाचे असतात. ते पालकांच्या मागणीवरून बालकासाठी देऊ नयेत. विल्सन व्याधीची शंका असताना ताम्रकल्प वर्ज्य समजावेत. निदान निश्चित झाल्यावर अभ्यंग, पथ्याहार, निद्रेचे नियमन व सत्त्वावजय यांची जोड निश्चितच देता येईल.

पालक हेच उपस्थाता

चरकसंहितेतील चिकित्सेच्या चार पादांपैकी उपस्थाता हा एक. उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शौच हे त्याचे गुण. बालरुग्णात हे स्थान पालकांचे होय. त्यांना पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात :

- अंगविक्षेपाकडे बोट दाखवू नये, टोकू नये, चारचौघांत चर्चा करू नये.
- मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चित्रण करून तज्ज्ञास दाखवावे; दवाखान्यात लक्षणे कित्येकदा दिसत नाहीत.
- प्रारंभाची तारीख, ताप, घसा दुखणे, झोप, आहार व औषधे यांची वहीत नोंद ठेवावी.
- भीतीची थट्टा करू नये; पण भीतीपायी शाळा पूर्ण बंदही करू नये. वर्गशिक्षकांस भेटून शिक्षा टाळण्याची व लेखनास अधिक वेळ देण्याची विनंती करावी.
- घरात दोष आईच्या माथी मारला जातो. संगोपनातील चुकीने टिक्स होत नाहीत, हे आजी-आजोबांसमक्ष सांगावे. वैद्याच्या तोंडच्या या एका वाक्याने त्या माउलीचे निम्मे ओझे उतरते.

पाठवणी कोठे?

जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील प्रमुख शासकीय ठिकाणे होत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व आमवातज हृद्रोग आणि विकासातील विलंब या दोहोंचा त्यात समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना मान्यता दिली आहे. पालकांच्या मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

पाठवणीची चिठ्ठी देताना केवळ ‘पुढील उपचारार्थ’ असे न लिहिता प्रारंभाची तारीख, पूर्वीचा संसर्ग, दिलेली औषधे व आपली शंका स्पष्ट नोंदवावी, आणि पंधरा दिवसांनी बालकाची विचारपूस करावी. रुग्ण दुसरीकडे पाठविल्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही. योग्य वेळी पाठविलेले मूल पुन्हा शाळेच्या वाटेवर दिसावे, यातच आपल्या व्यवसायाचे सार्थक आहे.