भाच्यास पत्र : ऑईल खाणारे इंजिन आणि काढलेली वायर

चिरंजीव भाच्यास ढाणकीहून मामाचे अनेक आशीर्वाद.

सहा-सात लाख किलोमीटर धावलेल्या ट्रकचे इंजिन थोडे ऑईल खाते, हा दोष नसून झिजेचा स्वाभाविक परिणाम होय. पिस्टन ज्या ओतीव लोखंडी नळकांड्यात वरखाली होतो त्या लायनरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर राहावाच लागतो, आणि पिस्टनच्या खाचेतली ऑईल-रिंग तो थर खरवडून खाली लोटत असली तरी त्यातला काही अंश डिझेलबरोबर जळतोच. त्यामुळे भाच्याची गाडी ऑईल पिते एवढीच वार्ता उमरखेडहून आली असती, तर या पत्राची गरज पडली नसती. वार्ता अशी आहे की, इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला ऑईलचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि बझर कानाशी वाजू लागला, तेव्हा भाच्याने त्यांची वायरच काढून टाकली. ही वार्ता खोटी ठरो.

तो दिवा चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, तेल किती उरले हे सांगत नाही. पंपाने ढकललेल्या तेलाचा दाब पुरेसा आहे की नाही, एवढेच तो सांगतो. दाब पडला की क्रँकच्या बेअरिंगांत धातूवर धातू घासू लागतो आणि भरल्या गाडीचे इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. तेल आधीच कमी असेल तर घाटाच्या चढावर ते चेंबरच्या एका बाजूला सरते, पंपाच्या नळीत हवा शिरते, आणि दिवा लागायला हवा तो नेमका त्या क्षणी. हळदीची पोती घेऊन सांगलीपर्यंत जाणाऱ्या गाडीत अशा वेळी भाच्याला सावध करणारे दुसरे काहीच उरलेले नाही, याचा विचार त्याने केला असेल असे वाटत नाही.

ऑईल खाण्यावरचा उपाय मोजमापापासून सुरू होतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून पट्टी पाहावी, आणि किती किलोमीटरवर किती तेल घातले हे वहीत लिहावे. लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी हजार किलोमीटरला 250 लिटर डिझेल जाळते. तेवढ्यात एक लिटर ऑईल गेले तर ते डिझेलच्या 0.4 टक्के होते, आणि इतक्या जुन्या इंजिनाबाबत तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. आकडा दर फेरीला वाढत असेल तर मात्र कारण शोधावे. आधी इंजिन धुऊन गळती पाहावी, कारण टॅपेट कव्हरच्या गास्केटमधून किंवा क्रँकच्या मागच्या ऑईल सीलमधून गळणारे तेल पुष्कळदा इंजिनाने प्यायलेले समजले जाते.

गळती नसेल तर धूर वाचावा. सकाळी गाडी चालू करताच निळा धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल, तर रात्रभर व्हॉल्व्हच्या गाईडमधून तेल खाली झिरपलेले असते. चढावर सतत निळा धूर येत असेल आणि ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडून जोराने वाफारा निघत असेल, तर रिंगा किंवा लायनर झिजले असे धरावे. टर्बोतून इंजिनाकडे जाणारा पाईप आतून तेलाने ओला असेल तर संशय टर्बोच्या सीलवर घ्यावा, आणि ते काम उद्यावर टाकू नये. ते सील पार गेले तर इंजिन स्वतःचेच तेल इंधनासारखे जाळू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. पट्टीवर तेल उतरत नाही म्हणूनही निर्धास्त राहू नये, कारण पंप-नोझलमधून डिझेल चेंबरमध्ये झिरपत असेल तर पातळी तशीच दिसते, तेल मात्र पातळ होते, दाब पडतो आणि दिवा लुकलुकतो. म्हणजे भाच्याने वायर काढली तेव्हा दिवा कदाचित हेच सांगत असावा.

एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात रुईच्या गाठी वाहणाऱ्या मामाच्या पहिल्या गाडीने असेच ऑईल खायला सुरुवात केली होती, आणि हंगाम हातचा जाईल या घाईत मामाने काहीही न तपासता सहाही लायनर, पिस्टन आणि रिंगा बदलून घेतल्या. एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाईप खालच्या अंगाने चिरलेला होता. त्या चिरेतून काळ्या मातीची धूळ आत जात राहिली आणि नव्या रिंगा त्याच हंगामात घासल्या गेल्या. दोष मिस्त्रीच्या माथी मारला गेला, आणि खरे कळल्यावरही त्याची क्षमा मागायला मामा गेला नाही. त्या कामासाठी आक्काने, म्हणजे भाच्याच्या आईने, काढून दिलेल्या पाटल्यांचे घरात आजही कोणी नाव काढत नाही. भाच्याला ते ठाऊक आहे. म्हणून इंजिन खोलण्याआधी त्याने तो पाईप आणि फिल्टर हाताने चाचपावा, आणि धूर दबतो म्हणून कोणी जाड तेल घालायला सांगितले तर ऐकू नये, कारण थंड इंजिनात असे तेल टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते.

वर कठोर लिहिले गेले आहे. भाऊजींच्या माघारी हप्ते, टायर आणि बहिणीचे शिक्षण या मुलाने एकट्याने ओढले, आणि रात्रभर वाजणारा बझर थकलेल्या माणसाला सहन होत नाही, हे मामाला समजत नाही असे नाही. इंजिन गेले तर पुन्हा बांधता येईल, खर्चाचेही पाहता येईल. घाटात भरली गाडी बंद पडून भाचा अंधारात रस्त्यावर उतरतो आहे, हे चित्र मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. वायर आजच जोडावी आणि दिवा लागला तर गाडी तिथेच उभी करावी, माल उशिरा पोहोचला तरी चालेल. नंतर गाडी ढाणकीला आणावी. मामाच्या हातात आता पाना टिकत नाही, पण भाचा गाडीखाली शिरेल तेव्हा बॅटरी धरून बसता येईल. वायर जोडल्याचा निरोप मात्र त्याआधीच, असेल तिथून द्यावा. आक्काला यातले अजून काही सांगितलेले नाही.