बाटला खांद्यावर की दारात?

प्रश्न : आम्ही घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहतो. रिक्षा थांबते तिथून आमच्या दारापर्यंत शंभराच्या वर पायऱ्या आहेत. गॅसचा नंबर लावला की गॅसवाला बाटला खालीच ठेवतो, नाहीतर वर चढवायचे वेगळे पैसे मागतो. गोडाऊनवर जाऊन स्वतः बाटला उचलला तर बिलात सूट मिळते, असं शेजारी सांगतात. हे खरं आहे का? खरं असेल तर मे महिन्यातच तीन-चार बाटले आणून ठेवावेत, म्हणजे पावसाळाभर निसरड्या पायऱ्यांचा प्रश्न नको, असा विचार आहे. तुमचं काय मत?
– एक वाचक, असल्फा

उत्तर : शेजारी सांगतात ते खरं आहे. घरगुती सिलिंडरच्या किमतीत तो दारात आणून देण्याचा खर्च आधीच धरलेला असतो. वितरकाला कंपनीकडून जे कमिशन मिळतं, त्याचे दोन भाग असतात. एक दुकान-गोडाऊन चालवण्याचा आणि दुसरा घरपोच देण्याचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४.२ किलोच्या सिलिंडरसाठी हे कमिशन ५० रुपये ५८ पैसे केलं. त्यात घरपोच देण्याचे २० रुपये ५० पैसे होते, आणि जो गोडाऊनवरून स्वतः बाटला नेईल त्याच्याकडून ते घ्यायचे नाहीत, हेही तेव्हा सांगितलं होतं. एजन्सीत याला ‘कॅश अँड कॅरी’ म्हणतात. नंतर हे दर पुन्हा वाढले आहेत, तेव्हा आजची नेमकी सूट एजन्सीच्या खिडकीवर विचारून घ्या. हिशेबासाठी आपण अंदाजे तीस रुपये धरू.

आता हे तीस रुपये कमावायला काय लागतं ते बघा. उपनगरांत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं. रिकामा बाटला घेऊन जाताना २६ आणि भरलेला घेऊन येताना २६, म्हणजे ५२ रुपये झाले. तेही गोडाऊन दीड किलोमीटरच्या आत असेल तर. ते तसं क्वचितच असतं, आणि त्याला कारण आहे. एजन्सीचं ऑफिस बाजारपेठेत असलं, तरी भरलेले बाटले ठेवायला स्फोटक पदार्थांच्या खात्याचा परवाना लागतो. या खात्याचं, म्हणजे ‘पेसो’चं, मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. परवान्याबरोबर आजूबाजूला मोकळी जागा सोडण्याची अट येते. मुंबईत मोकळी जागा वस्तीच्या कडेलाच मिळते, म्हणून गोडाऊन आपल्या घरापासून लांबच पडतं.

स्कूटरवर आणू म्हणाल, तर तेही नको. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे भरलेला सिलिंडर सायकलवरून किंवा कुठल्याही दुचाकीवरून नेता येत नाही. पायांमध्ये आडवा ठेवून बाटला नेणारे रोज दिसतात, म्हणून ते चालतं असं समजू नका. बाटल्यात तळाशी द्रवरूप गॅस असतो आणि वर वाफ. बाटला उभा असला की झडपेपाशी वाफ असते. आडवा केला की तिथे द्रव येतो आणि झडप सैल असेल तर तो द्रवच बाहेर पडतो. बाहेर पडलेला एक लिटर द्रव पसरून जवळजवळ अडीचशे लिटर वायू होतो. रिक्षावाले बाटला पाहून सहसा नाही म्हणतात. त्यांच्यावर रागावू नये, त्यांच्या गाडीतही गॅसचीच टाकी असते.

आणि मग तुमच्या पायऱ्या. रिकाम्या लोखंडी बाटल्याचंच वजन पंधरा-सोळा किलो असतं. त्यात १४.२ किलो गॅस, म्हणजे एकूण तीस किलो. सिमेंटच्या गोणीच्या निम्म्याहून जास्त वजन, आणि धरायला वरची एक कडी. मेट्रोतून जाताना असल्फ्याची रंगवलेली घरं सुंदर दिसतात. पण तीस किलो खांद्यावर घेऊन त्या घरांपर्यंत चढणाऱ्याच्या गुडघ्यांचं काय होतं, ते गाडीतून दिसत नाही.

पैशांपेक्षाही मोठी गोष्ट वेगळीच आहे. घरपोच म्हणजे नुसतं वाहून आणणं नव्हे. बाटला आणणाऱ्याने तुमच्यासमोर वजन करून दाखवायचं असतं, सील आणि टोपी काढून झडपेतला रबरी वॉशर जागेवर आहे का ते बघायचं असतं, आणि गळती नाही याची खात्री करून द्यायची असते. आमच्या लहानपणी एकदा नंबर लागूनही आठ दिवस बाटला आला नाही, म्हणून वडील आणि मी हातगाडी करून गोडाऊनवरून तो घेऊन आलो. गर्दी होती, कोणी काही तपासलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. घरी रेग्युलेटर बसवला आणि वास सुटला. वॉशरच नव्हता. आईने आधी देवापाशी जळणारी समई विझवली, मग बाटल्याची टोपी घट्ट बसवली आणि दारं-खिडक्या उघडून आम्हा सगळ्यांना बाहेर गॅलरीत उभं केलं. दिव्याच्या बटणाला तिने कोणाला हात लावू दिला नाही. तिला हे कोणी शिकवलं होतं, कोण जाणे. तेव्हापासून मी वॉशर बघितल्याशिवाय कोणालाही दारातून परत जाऊ देत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरपोचचे पैसे तुम्ही भरलेलेच आहेत, तर ती सेवा पुरती वसूल करा, वजन-वॉशरसकट. बिलावर जी रक्कम छापलेली आहे ती दारापर्यंतची असते. लिफ्ट असलेल्या इमारतीत वेगळे पन्नास रुपये मागणं गैर आहे आणि ते देऊ नयेत. मागितले तर १८००-२३३३-५५५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करता येते. तुमच्याकडे बाटला खालीच ठेवून जात असतील, तर एक तर तो वर आला पाहिजे, नाहीतर सूट मिळाली पाहिजे. दोन्हीपैकी काहीच नाही, असं चालणार नाही. एजन्सीला हे लेखी द्या, आणि एकट्याने देण्याऐवजी गल्लीतल्या दहा-बारा घरांनी मिळून द्या.

पण डोंगराच्या बाबतीत एक गोष्ट मनात खुपते. लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या बाटल्याला घरपोचचा जो दर आहे, तोच दर तुमच्या शंभर पायऱ्यांना आहे. वर चढणाऱ्या माणसाच्या हिशेबात त्या पायऱ्या कुठेच नाहीत. त्याने मागितलेले पैसे नियमात बसत नाहीत, हे खरं. पण त्याचे ते कष्ट खोटे नाहीत, हेही तितकंच खरं. एजन्सीला अर्ज कराल तेव्हा त्यात त्याच्यासाठीही एक ओळ लिहा : डोंगरावरच्या वाटपाला दोन माणसं द्या, किंवा जास्तीचा मेहनताना एजन्सीने स्वतः द्यावा.

आता साठवणीबद्दल. तुमच्या मनात मे महिना का आला, ते मला कळतं. कोकणातल्या आपल्या घरांत आगोट भरायची असायची. मिरगाच्या आधी लाकडं फोडून, वाळवून, पडवीत रचून ठेवायची, कारण एकदा पाऊस लागला की सुकं सरपण मिळायचं नाही. मुंबईत आल्यावर हीच बेगमी वखारीतून कोळशाचं पोतं आणून आणि रेशनवरच्या रॉकेलचे डबे भरून होत राहिली. थंड देशांत आजही असंच चालतं. ऑस्ट्रियात, जर्मनीत लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळून घरं गरम ठेवतात. तिथे लोक पंधरा-पंधरा किलोच्या पिशव्या स्वतः गाडीतून आणतात, नाहीतर टँकर बोलावून नळीने तळघरात हिवाळ्याचा साठा भरून घेतात. तिथे स्वतः वाहायचं की पोहोचवून घ्यायचं, हा खरोखर हिशेबाचा प्रश्न आहे. गोळ्यांना ओल लागू दिली नाही म्हणजे साठवणीची बरीचशी काळजी मिटते.

गॅस मात्र लाकडासारखा पडून राहत नाही. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली धरा. तिच्यात साधारण पंचवीस घनमीटर हवा मावते. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास हा गॅस मिसळला की ठिणगीने पेट घेतो. म्हणजे अर्धा घनमीटर वायू, वजनात जेमतेम एक किलो. एका बाटल्यात १४ किलोच्या वर असतो. शिवाय तो हवेपेक्षा दीड-दोन पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, मोरीत आणि पायऱ्यांखालच्या खोबणीत साचतो. त्यामुळे पेट घ्यायला किलोभरही लागत नाही. डोंगरउतारावर तर तुमच्या घरात गळलेला गॅस खालच्या घराच्या दाराशी जाऊन थांबेल.

घरगुती जोडणीवर दोनच बाटले मिळतात, एक चालू आणि एक राखीव. तिसरा आणि चौथा कुठून येणार? काळ्या बाजारातून, म्हणजे जास्त पैसे देऊन, आणि वजनाची-वॉशरची कसलीही खात्री नसताना. तो नाद सोडा. तुमच्याकडे अजून एकच बाटला असेल, तर दुसऱ्यासाठी अर्ज करा. पावसाळ्याची तुमची बेगमी तेवढीच, आणि एक संपला त्याच दिवशी नंबर लावला की ती पुरते. राखीव बाटला उभा ठेवा, नायलॉनच्या दोरीची टोपी लावून, हवा खेळते अशा जागी. जिन्याखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात नको. शेगडी नेहमी बाटल्यापेक्षा उंचावर हवी.

तुमच्यासाठी खरा उपाय मला दुसराच वाटतो. बाटलाच हलका करा. गेल्या काही वर्षांत कंपोझिटचा १० किलोचा सिलिंडर निघाला आहे. रिकामा सहा किलोच्या आसपास, भरलेला सोळा-सतरा किलो, म्हणजे लोखंडी बाटल्याच्या निम्म्याच्या जरा वर. तो गंजत नाही, आणि उजेडात धरला की आत गॅस किती उरला तेही दिसतं. अनामत रक्कम जास्त भरावी लागते आणि तो लवकर संपतो, म्हणजे नंबर जास्त वेळा लावावा लागतो. तरीही शंभर पायऱ्यांवर राहणाऱ्या घराला मी तर हाच घ्यायला सांगेन. घरात वयस्कर माणूस एकटा असेल, तर ५ किलोची घरगुती जोडणीही मिळते. पेट्रोल पंपावर सहज मिळणारा ‘छोटू’ मात्र बाजारभावाने असतो, किलोमागे महाग पडतो. तो अडीनडीलाच ठीक.

पाइपचा गॅस हा यावरचा शेवटचा उपाय खरा. महानगर गॅस १९९५ पासून मुंबईत आहे, पण डोंगरउतारावरच्या दाटीत पाइप टाकणं अवघड. तुमच्या गल्लीत तो येईपर्यंत हलका बाटला बरा.

प्रश्न : मुलुंडला राहतो, भावाची जोडणी बदलापूरला आहे. त्याचा भरलेला बाटला लोकलच्या मालडब्यातून आणला तर चालेल ना? दूधवाले, भाजीवाले सगळं नेतात.
– मुलुंड (पूर्व)

उत्तर : चालणार नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ६७ प्रमाणे धोकादायक माल प्रवासात बरोबर नेता येत नाही, आणि कलम १६४ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मालडब्यात माणसं दाटीवाटीने उभी असतात, कोणी विडीही ओढतो, आणि दोन स्टेशनांच्या मध्ये बाहेर पडायला वाट नसते. शिक्षेचं कलम बाजूला ठेवलं तरी एवढं कारण पुरेसं आहे. ‘रिकामा’ म्हणतात त्या बाटल्यातही थोडा वायू उरलेला असतो, हेही ध्यानात ठेवा. भावाची जोडणी मुलुंडच्या एजन्सीकडे बदलून घेता येईल.

प्रश्न : बाटल्याच्या कडीवर ‘बी-२७’ असं काहीतरी रंगवलेलं असतं. ती एक्सपायरी का?
– बोरिवली (पश्चिम)

उत्तर : गॅस खराब होत नाही, ती तारीख बाटल्याच्या तपासणीची आहे. वर्षाचे चार भाग केले आहेत : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ‘बी-२७’ म्हणजे जून २०२७ पर्यंत त्या बाटल्याची दाबाची चाचणी पुन्हा व्हायला हवी. मुदत उलटलेला बाटला दारात आला तर तिथूनच परत करा, तो तुमचा हक्क आहे. त्याच कडीवर रिकाम्या बाटल्याचं वजनही लिहिलेलं असतं, समजा १५.८. त्यात १४.२ मिळवले की ३० किलो. काट्यावर तेवढं भरलं पाहिजे. गॅसवाला काटा आणला नाही म्हणाला, तर पुढच्या वेळी घेऊन ये असं सांगा आणि पुढच्या वेळी आठवणीने मागा. गळतीचा संशय आला, तर १९०६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही उचलला जातो. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा, पण फोन मात्र घराबाहेर येऊन करा.