पडद्यावर यकृत हाताला लागत नाही

मार्च 2020 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांचे वर्ग थांबले आणि विद्यार्थी घरी परतले. व्याख्यानं मोबाइलवर सुरू झाली, पण क्लिनिक्स बंद पडली. वॉर्डात रुग्णाजवळ उभं राहून हिस्टरी घेणं, हाताने तपासणं, सरांच्या उलटतपासणीला तोंड देणं, सगळंच थांबलं.

त्या तुकडीतली मुलं मी मेडिसिन शिकवताना जवळून पाहिली. यकृत वाढण्याची कारणं ती धडाधड सांगत. पण रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला लावून, श्वासासरशी खाली येणारी यकृताची कडा बोटांना लागेपर्यंत वाट पाहणं अनेकांनी केलेलंच नव्हतं. प्रसूतिकक्षात ही उणीव जास्त बोचते. गर्भाशयाचं मुख 4 सेंटिमीटर उघडलंय की 6, हे बोटांनीच जोखावं लागतं.

रुग्णालयं चालू होती, पण शिकायला लागणारे रुग्ण तिथे नव्हते. मुंबईचं नायर रुग्णालय एप्रिल 2020 मध्ये कोविडसाठी राखीव झालं. ठिकठिकाणी हर्निया, हायड्रोसील यांसारख्या तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. पीपीई किट चढवल्यावर स्टेथोस्कोप कानाला लावणंही मुश्कील.

मे 2021 मध्ये केंद्र सरकारने इंटर्नना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड ड्यूटीवर घ्यायला सांगितलं. तिथे ही मुलं खूप शिकली: ऑक्सिजन किती द्यायचा, रुग्णाला पालथं कसं झोपवायचं, घाबरलेल्या नातेवाइकांशी फोनवर कसं बोलायचं. त्याचं मोल मला मोठं वाटतं. टाके, प्लास्टर, प्रसूती मात्र वाट्याला फार कमी आल्या.

यातून सावरलेल्या एका इंटर्नने स्वतःच्या हाताने न केलेल्या गोष्टी कागदावर लिहिल्या आणि तो कागद थेट युनिटप्रमुखांपुढे ठेवला. ज्यांची पोस्टिंग्ज बुडाली, त्यांनी हेच करावं. लॉगबुकात सही आहे म्हणून ते काम जमतं, असं धरून चालू नये. आयव्ही लाइन, टाके, कॅथेटर आधी स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर. मग रुग्णावर, शेजारी वरिष्ठ उभे असताना. शिक्षकांनीही ‘समजलं का?’ विचारून पुढे न जाता ‘करून दाखव’ म्हणावं. वेळ लागतो, तो द्यावा.

सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांना बंधपत्रित सेवेत प्राथमिक आरोग्य केंद्र मिळू शकतं. रात्री तिथे विचारायला वरिष्ठ नसतात. रुजू होण्याआधी काही रात्रपाळ्या प्रसूतिकक्षात मागून घ्याव्यात. तपासल्यावर आपला अंदाज आधी सांगावा, मग अनुभवी सिस्टरांना त्यांचा विचारावा.